पाठीवर ‘टक्कल’ लिहिलेलं तिकीट

प्रिय धाकटे,

फोनवर मी काहीही सांगितलं तरी तू “हो हो, बरं” म्हणतेस. परवा मुद्दाम सांगून पाहिलं की माझ्या स्वयंपाकघराला आग लागली आहे. त्यावर तू म्हणालीस, “छान, जपून राहा.” तेव्हा पत्र लिहिणं भाग आहे. सगळं वाच. मधलं सोडून शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस.

तुझ्या आवडत्या गाणाऱ्या बाई गाणं थांबवताहेत. शेवटची मैफल आपल्या जुन्या सभागृहात, येत्या शनिवारी. ही बातमी मी वाचली त्याच आठवड्यात तुला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. उजवा कान गेलाच आहे, डावाही वर्षअखेरपर्यंत, असं ते म्हणाले. तू भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत हसत होतीस. तुझ्या त्या हसण्यामुळेच मी तिकीट काढायचं ठरवलं. तुला सांगितलं नाही, कारण मिळालं नसतं तर तू मलाच समजावत बसली असतीस.

विक्री सकाळी दहाला सुरू होणार होती. मी पावणेदहालाच आवरून, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसले. दहाच्या ठोक्याला पडद्यावर आलं: तुमच्यापुढे रांगेत एक्केचाळीस हजार दोनशे सहा माणसं आहेत. सभागृहात खुर्च्या नऊशे बारा. एकोणतीस वर्षं तिथल्या तिकीटखिडकीत बसून ज्या बाईने त्या विकल्या तिला हे गणित कोणी सांगायला नको. तरी उठवेना. आकडा हळूहळू उतरत होता आणि बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. ती सगळी माणसं मला दिसायला लागली. सभागृहाच्या पायऱ्यांवरून उतरून रांग पुलावर गेलेली, पुलापलीकडे धुक्यात शिरलेली. कोणी बोलत नाही, पावलांचा आवाज नाही, आणि पार शेवटी छत्री काखेत धरून मी. चार मिनिटांत सगळं विरघळलं. ‘विक्री संपली.’

दहा वाजून वीस मिनिटांनी त्याच खुर्च्या दुसऱ्या एका वेबसाइटवर आठपट भावाने मांडलेल्या होत्या. मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ मी कळवलं की ते मत नव्हतं, तक्रार होती. त्यालाही तेच उत्तर आलं. आता भांडायचं कोणाशी? माझ्या वेळी काळाबाजाराला निदान तोंड होतं. आपल्या गल्लीच्या टोकाला राहायचा तो, तुळतुळीत टकलाचा, आठवतो? दर मोठ्या कार्यक्रमाला मेव्हणे-मेव्हण्या घेऊन रांगेत हजर. एकाला दोनच तिकिटं हा माझा नियम होता, म्हणून सगळं सासर घेऊन यायचा.

त्याच्यासाठीच मी निळी पेन्सिल सुरू केली होती. नाव विचारलं तर माणूस खोटं सांगतो, म्हणून मी नाव विचारत नसे. समोरचा दिसेल तसा एक शब्द तिकिटाच्या पाठीवर लिहायची. छत्री. सोनेरी चष्मा. हिरवी साडी. तीळ. संध्याकाळी दारावरच्या काकांनी पाठ बघायची आणि माणूस बघायचा. जुळलं नाही तर तिकीट माझ्याकडे. व्यवस्थापकांना हे माहीत नव्हतं, नियमात कुठे बसतही नव्हतं. पण लोक गालात हसत आत जायचे आणि मला वाटायचं, सभागृह माझ्या हस्ताक्षरानेच भरतं आहे.

आता एकतीस वर्षांपूर्वीच्या, याच बाईंच्या मैफलीच्या त्या संध्याकाळकडे येते. आपण दोघींनी पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, “ताई, एकच बाजूला काढून ठेव ना.” मी म्हणाले होते, “रांगेत उभी राहा, सगळ्यांसारखी.” तू पहाटेपासून उभी राहिलीस आणि तुझ्यापुढे दोघी उरल्या असताना तिकिटं संपली, मी खिडकी बंद केली. कार्यक्रमाच्या वेळी काका एक तिकीट घेऊन माझ्याकडे आले. “बाई, पाठीवर ‘टक्कल’ लिहिलंय, आणि बाहेर तर गुडघ्यापर्यंत वेणी उभी आहे.” मी दारात आले. ती वेणी तुझी होती. मनगट मोकळं होतं. पदवी मिळाल्यावर बाबांनी दिलेलं घड्याळ देऊन तू ते तिकीट घेतलं होतंस.

व्यवस्थापक शेजारीच उभे होते. मागे वीसेक माणसं. खिडकीवालीची सख्खी बहीण काळ्या बाजाराचं तिकीट घेऊन आली, हे वाक्य मला त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसलं. मी तिकीट उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, “बनावट आहे.”

धाकटे, ते खरं होतं. मीच विकलेलं, माझ्याच अक्षराचं. खुर्ची आत रात्रभर रिकामी राहिली.

तू बोळातून जाऊन बाजूच्या लाकडी दाराला कान लावून बसलीस. घरी आल्यावर तू एवढंच सांगितलंस की लाकडातून सूर पाण्याखालून आल्यासारखा येतो. मग बाबांनी घड्याळाचं विचारलं, आणि त्या दिवसापासून तू घरात ‘भोळी’ झालीस. घड्याळ देऊन कागद आणणारी. घर घेताना तुला विचारलं नाही, आईच्या ऑपरेशनच्या वेळी कागदांवर तुला सही करू दिली नाही, “ती भोळी, कोणीही फसवेल.” बाबा गेले तेही हेच समजून. आणि मी दर वेळी भाजी निवडत गप्प बसले.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी तो टकल्या खिडकीशी आला आणि घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, “बाई, मी काळाबाजार करतो, खोटा धंदा करत नाही. पोरीला बसू दिलं नाहीत, तर तिची वस्तू मला नको.” ते तुला द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी ते माझ्या खणात ठेवलं. दर रविवारी किल्ली दिली. कधीकधी दुपारी डुलकी लागताना ते खणातून ऐकू यायचं आणि मला वाटायचं, कोणीतरी दार वाजवतंय, अगदी हळू, पण थांबत नाही.

ऑनलाइन काही होईना, तेव्हा मी सभागृहावर गेले. परत आलेली तिकिटं अजून खिडकीवरच विकतात, एवढं माझ्या काळातलं उरलं आहे. अकरा दिवस सकाळी नऊला बाकावर. आता खिडकीत बसते ती मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, “आजी, घरी जा, फोनवर बघा.” पाचव्या दिवशी तिने चहा दिला. नवव्या दिवशी एक तिकीट आलं, डाव्या कडेचं. मी नको म्हणाले. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मी सांगितलं, मला उजवी बाजू हवी. तिथे बसलं की डावा कान मंचाकडे होतो. काल, अकराव्या दिवशी, उजवीकडचं आलं. एकच. “नाव कोणाचं? खिडकीवरच्या तिकिटावर आता नाव छापतो, म्हणजे कोणी पुढे विकू शकत नाही. नवीन युक्ती आहे आजी,” ती म्हणाली. मी म्हणाले, “छान आहे,” आणि डॉक्टरांसाठी घेतलेली तुझ्या ओळखपत्राची प्रत पुढे सरकवली.

म्हणून हे पत्र. शनिवारी दारावर तुला कोणी अडवू शकणार नाही. नाव तुझं आहे, पूर्ण, छापील. तू भोळी नव्हतीस. तू खरं तिकीट घेतलं होतंस आणि खोटं मी बोलले, हे मी कालच बाकीच्या भावंडांनाही लिहून कळवलं आहे. माफ कर असं म्हणायचा मला सराव नाही, तरी म्हणते. माझी काळजी करू नकोस. मी बोळात, बाजूच्या दाराशी असेन. दार अजून तेच आहे, बघून आले. लाकडातून सूर खरंच पाण्याखालून येतो का, ते मलाही ऐकायचं आहे.

तुझीच,
ताई

सोबत दिलेल्या वस्तू (मिळाल्याची सही करून पाठव):
१. तिकीट, एक. शनिवार, संध्याकाळ. रांग आठवी, उजवी बाजू. तुझ्या नावे.
२. जुनं तिकीट, एक. न फाडलेलं. पाठीवर निळ्या पेन्सिलीने ‘टक्कल’. त्याखाली आज त्याच पेन्सिलीने ‘लांब वेणी’.
३. मनगटी घड्याळ, एक. चालू आहे.