‘दूरयान’ आणि आमचं नसलेलं मांजर

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज मी टीव्हीवर म्हातारी झालो!

करायला नको होतं. माहितीये. पण झालं. ‘दूरयान’चा भाग संपला आणि ती गोड बोलणारी बाई आली. मालिका झाली की ती दर शनिवारी लोकांची मतं ऐकवते. एका नंबरवर फोन करायचा, टुंग वाजलं की आपलं मत ठोकून द्यायचं. बरं वाटलं तर पुढच्या शनिवारी लावतात. तोंड दिसत नाही, नुसता आवाज. म्हणजे हे माझ्यासाठीच काढलंय की नाही?

बाई म्हणाली, "आता ऐकूया एका आजींना काय वाटलं ते." — आणि मी! नाकाला कपड्यांचा चिमटा, ओठ आत ओढलेले. "अगं बाई, त्या रेडिओवाल्या पोरीला कुणीतरी पोटभर जेवायला घाला गं! वाळून काडी झाली. आमच्या मांजराला बघवेना, उठून गेलं ते."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा पेपर वाचत होते. वर बघितलं नाही.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळालो, ओट्याला धरून हसलो. आणि हसता हसता एकदम रडूच आलं. का ते नंतर लिहीन. आज मजा आहे तर मजा राहू दे.

रविवार, ८ फेब्रुवारी

केस कापायला गेलो होतो. न्हाव्याच्या दुकानात फक्त ‘दूरयान’!

न्हावी म्हणतो, "अंतराळात हेल्मेट काढून रडतात का कुठं? पाणी गालावरून खालीच येणार नाही. डोळ्यालाच चिकटून बसेल." शिकवणीवाले सर खुर्चीत होते, अर्धी दाढी फेसात. "विज्ञानाच्या नावाखाली नुसता भाबडेपणा चाललाय! मी तर म्हणतो—" न्हाव्यानं वस्तरा गळ्याला लावला, सर गप्प.

रंगारी म्हणाला, "काही म्हणा, ती कालची म्हातारी लाखात एक बोलली. माझी आजी अश्शीच होती."

न्हावी म्हणाला, "अशा म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत."

मी आरशात बघून म्हणालो, "हो ना."

सगळ्यांचं भांडण एकाच गोष्टीवर. ते यान परत का येत नाही? आता गोष्ट अशी — यान लांब गेलंय. रेडिओवाली रोज कानाला यंत्र लावून बसते, घरून कुणी बोलावतं का बघायला. नियम असा की ज्या तळावरून यान उडालं, त्या तळाच्या प्रमुखानं स्वतः बोलावलं तरच यान वळणार. दुसऱ्या कुणाची हाक चालत नाही. आणि तो प्रमुख म्हातारा घुम्या! खिडकीतून वर बघत बसतो, बटण दाबत नाही. रंगारी तर म्हणाला, "एकदा भेटू दे मला तो. रंगाच्या डब्यात बुडवतो."

मंगळवार, १० फेब्रुवारी

रडू मांजरामुळे आलं. ते सांगतो.

आमच्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. बाबांना चालत नाही, दुकानातली तार विस्कटतं म्हणतात. मांजर ताईचं. म्हणजे ताईनं काढलेलं. लहानपणी आम्ही दोघं लोकांना फोन करून छळायचो. ताई एक नंबर नकल्या. पोलीस व्हायची, डॉक्टर व्हायची, कुणाची तरी सासू व्हायची — आणि प्रत्येकाला एक मांजर द्यायचीच. "माकडा, माणूस खरा वाटायला त्याच्या घरी मांजर लागतं," म्हणायची. समोरचा खरंच फसायचा. मांजर कसंय विचारायचा!

म्हणून म्हातारीच्या तोंडी मांजर घातलं. ताईनं ऐकलं तर तिला कळणार की हे कोण. आणि ती ‘दूरयान’ बघतच असणार. जिथं कुठं रॉकेट दिसेल तिथं ताई चिकटायची. गच्चीवर झोपलो की माझी मान पिरगाळून तारे दाखवायची. मला एक धड ओळखता आला नाही अजून.

ताईला घर सोडून वर्ष उलटून गेलं.

आमचं मोटर बांधायचं दुकान. पंप, पंखे, मिक्सर, काय जळेल ते येतं. जळकी तार काढायची, नवी तांब्याची गुंडाळायची, वॉर्निश पाजायचं, की फिरते. ताईचा हात बाबांपेक्षा साफ. बाबाच गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरीनं बांधलीय, बिनधास्त न्या." मग तिला लांबच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. बाबा म्हणाले, "गेलीस तर हे घर विसरायचं." ताई म्हणाली, "विसरले. आता तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही." बाबा म्हणाले, "बस वाट बघत."

झालं. दोघं एकाच साच्यातले. ताईनं नंबर बदलला. मावशीला तेवढी भेटते. मावशी म्हणते, "बरी आहे. अंगानं भरलीय. नंबर मागू नकोस, शपथ घातलीय तिनं मला." आई मावशीचा फोन ठेवते आणि न सांगता भांडी घासायला घेते. घासलेली पण.

मोटरमधे दोन गुंडाळ्यांच्या मधे कागद घालतात, एकमेकींना लागून जळू नयेत म्हणून. तो कागद मी.

आज पुन्हा फोन केला. ह्या वेळी प्रोफेसर. नाकाला चिमटा लावून कूलरच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून बोललो, आवाज काय घुमला!

शनिवार, १४ फेब्रुवारी

लागला! प्रोफेसर लागला!

"सदर यानाची रचना मूलतः सदोष असून, माझ्या बोक्याचेही हेच मत आहे." सर ऐकत असतील तर आपटले असतील.

आई हसली. आणि बाबा, पेपरातूनच, अगदी शांतपणे —

"या मास्तरला सर्दी झालीय. मागच्या म्हातारीला पण झाली होती."

मी घाईघाईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

आई म्हणाली, "साथ असेल."

सोमवार, १६ फेब्रुवारी

काही नाही. ताईचं काही नाही. मीच वेडा.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

एक बाई मिक्सर घेऊन आली. म्हणाली, "तुमची मुलगी दिसत नाही? तिनं बांधलेला पंखा अजून भिरभिरतोय हो."

बाबा म्हणाले, "बाहेर गेलीय."

बाहेर! जशी कोपऱ्यावर चहा आणायला गेलीय!

ताईचं स्टूल अजून तिथंच आहे, खिडकीशी. त्यावर मी बसलो की बाबा काही बोलत नाहीत, पण काहीतरी काम काढून उठवतात. बाबा गुंडाळायच्या मशीनवर वेढे मोजताना ओठ हलवतात. ताई मुद्दाम मधेच चुकीचे आकडे गुणगुणायची. बाबा चिडायचे, पुन्हा पहिल्यापासून. आता कुणी त्यांना चुकवत नाही. मी एकदा करून बघितलं. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पान्हे पुसत बसलो.

दुपारी बाबा जेवायला गेले तेव्हा फोन केला. लहान पोराचा आवाज. चिमटा लावलाच नाही.

"रेडिओवाली ताई, तू परत ये ना. माझ्या मांजरीला पिल्लं झालीत. मला त्यांची नावं ठेवता येत नाहीत."

बोलून झालं तरी फोन कानालाच होता.

शनिवार, २१ फेब्रुवारी

पोरगं लागलं. ती गोड बोलणारी बाई गहिवरली. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "ऐकलंत का त्या लेकराला? काळीज हललं!" आई हसली नाही. "कुणाचं पोर गं बाई," एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटात अजून भात वाढला.

मालिकेत यानाचं इंजिन जळालं. आता काय!

शनिवार, २८ फेब्रुवारी

थांब. श्वास घेऊ दे.

भाग संपला. बाई आली. एक कुणी म्हणाला इंजिन जळायला नको होतं, एक म्हणाली रेडिओवालीचं लग्न लावून टाका. मग एक जाड, घोगरा, मिशीतून आल्यासारखा आवाज —

"निवृत्त आगगाडीचालक बोलतोय. त्या लहान मुलाला निरोप आहे. पिल्लांना दूध दे. एकाचं नाव माकड ठेव. पण यान पोराटोरांच्या हाकेनं वळत नसतं, बाळा. ज्यानं घालवलं, त्यानंच बोलवायला पाहिजे. नियम म्हणजे नियम. माझ्या मांजराला सुद्धा ठाऊक आहे."

ताई!! ताई ताई ताई!

तो आगगाडीवाला आवाज मी कसा विसरेन? त्याच आवाजात तिनं शिकवणीवाल्या सरांना स्टेशनवर बोलावलं होतं, त्यांची सासू येतेय म्हणून. सर हार घेऊन उभे!

मी उशी तोंडात कोंबली. आईनं ओळखलं की नाही देव जाणे, पण ती उभी राहिली होती, हातात झाकण. आणि बाबांचा पेपर — मांडीवर! बाबा म्हणाले, "आवाज वाढव." पण तोवर जाहिरात लागली होती. साबणाची. बाबांनी ती अख्खी बघितली.

ती आहे. ती बघते. आम्ही दोघं एका वेळी एकच बघतो. पण येणार नाही. माझ्या बोलावण्यानं नाही.

रविवार, १ मार्च

धाडस केलं. दुकान बंद, तरी बाबा पंप बांधायला बसले होते. मी तार धरली होती.

म्हणालो, "बाबा, तो तळप्रमुख बोलवत का नाही तिला?"

बाबांनी मशीनचे चार वेढे फिरवले. मग — "त्याला वाटत असेल, तिथं ती सुखात आहे. कशाला बोलवा."

"आणि नसली तर?"

बाबांनी पंप जवळ ओढला.

"आणि सुखात असली, तरी बोलवलं तर काय बिघडलं? दोन दिवस यावं, जावं."

बाबा म्हणाले, "शहाण्या, तार ताणून धर. सैल सोडतोयस."

पण मोजणी चुकली त्यांची. बघितलं मी. सगळी गुंडाळी उलगडली आणि पहिल्यापासून सुरू केली. मी न चुकवता.

मंगळवार, ३ मार्च

बाबांचं काहीतरी बिनसलंय. मला वॉर्निश आणायला बाजारात पिटाळलं. मागच्या फळीवर दोन डबे भरलेले, सील पण फोडलेलं नाही! तसं म्हणालो तर, "मग तिसरा आण." उन्हातून जाऊन आलो. शटर अर्धं खाली. बाबा तोंड धूत होते, नाक लाल. विचारलं काय झालं. "धूळ."

रेडिओवाली आणि मी, दोघं कानाला यंत्र लावून बसलोय. नुसती खरखर.

शनिवार, ७ मार्च

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नाही.

आज शेवटचं मत. बाई म्हणाली, "या प्रेक्षकांनी नाव सांगितलं नाही." मग खाकरणं. अं… हं. मग नाकातून, चिमटा लावल्यासारखा, पाण्याचा पंप हवा ओढतो तसला आवाज —

"मी एक प्रेक्षक. इंजिन जळालं म्हणून सगळे रडतायत. ते चूक आहे. जळालेली मोटर टाकून देत नसतात. जुनी तार काढायची. नवी गुंडाळायची. वेळ लागतो. पण फिरते."

मागे आमच्या गुंडाळायच्या मशीनची कटकट. मी ती झोपेतही ओळखेन.

"त्या प्रमुखाचं चुकलं. त्याला बोलता येत नाही. त्या पोरीला म्हणावं, ये. कामावर परत जायचं असेल तर जा. पण ये."

मला वाटलं संपलं.

"आणि… आमच्याकडे मांजर आहे."

बाबा पेपर वाचत होते. आईनं पदरानं डोळे पुसले, टीव्हीकडेच बघत म्हणाली, "अजून साथ गेलेली दिसत नाही."

बाबा म्हणाले, "हं."

हे बघ, ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर पाया पडतो तुझ्या — न्हाव्याला नाही, काकूंना नाही, बाबांना तर नाहीच नाही — कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. बाबांना वाटतंय, आम्ही त्यांना ओळखलं नाही.