टंकलेखन साहाय्याबद्दल आभार

१२ जानेवारी

टंकलेखन! मी टंकलेखन केलं म्हणे!

रेडिओलॉजीच्या मासिकाचा अंक आज माझ्या स्कॅन सेंटरवर आला. लेख छापलाय — मूत्रपिंडातली ती दुर्मिळ गाठ, दिसायला थेट कॅन्सर पण मुळात निरुपद्रवी. शब्दन् शब्द माझा. फोटो मी निवडले, त्यांवरचे बाण मी काढले, संदर्भ शोधून शोधून माझी मान आखडली. आणि वर नावं कुणाची? मोठ्या सरांचं, आणि त्यांच्या पुतण्याचं — ज्याच्या हातात सीटी स्कॅनची फिल्म उलटी दिली तरी तो मान डोलावेल! माझं नाव शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत. "टंकलेखन साहाय्याबद्दल आभार."

इतकी वर्षं त्या माणसाच्या हाताखाली रेडिओलॉजी केली. मी हॉस्पिटल सोडलं तेव्हा मला म्हणाले होते, "लेख तुझाच आहे गं, काळजी करू नकोस." नाही केली काळजी. तेच चुकलं.

१३ जानेवारी

नवरा म्हणतो, सोडून दे. सोडून देणाऱ्यातली मी नाही, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

डॉक्टरांच्या सभेत सर भेटले. रिटायर व्हायला आलेत, पण मान अजून तशीच ताठ. चारचौघांत मोठ्याने — "काय गं, हल्ली काही लिहितेस की नाही? का नुसतेच रिपोर्ट पाडतेस?" पुतण्या खिदळला.

मीही हसले. "लिहीन ना सर. तुम्हाला वाचायला आवडेल असंच लिहीन."

घरी येईपर्यंत दातओठ खात होते.

९ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुपारी सेंटर रिकामं होतं. तो अंक पुन्हा काढून बसले — शिव्या घालायला, दुसरं काय. फोटो क्रमांक दोन. खाली मूत्रपिंड, त्यावर माझा पांढरा बाण. आणि वर, फोटोच्या अगदी कडेला, उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी एक ठिपका. वाटाण्याएवढा. त्याने तिथे असायचं काही कारण नाही.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. मूळ तपासणी माझ्याकडे आहे. सरांनी दिली तेव्हाच नावगाव पुसलेलं होतं, नुसतं "पुरुष, ५८". एकेक चित्र सरकवत गेले. ठिपका खरा आहे. कडा खडबडीत. रक्तवाहिनी नव्हे, जुना व्रणही नव्हे. असा ठिपका दिसला की कॅन्सरच्या शंकेने आम्ही त्याच दिवशी फोन उचलतो. आणि सोबतच्या, सरांच्या सहीच्या रिपोर्टात काय? "फुफ्फुसांचा तळ स्वच्छ."

एक भारी गोष्ट सापडली की डोळा तिथेच खिळतो आणि उरलेलं बघायचं राहून जातं. आमच्या धंद्यातली ही चूक सर नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात घोकून घ्यायला लावायचे. मला तर सगळ्यांसमोर उभं करून झापलं होतं. आणि स्वतः!

तेव्हा तो मलाही दिसला नव्हता. पण माझं काय, मी टायपिस्ट!

१० फेब्रुवारी

ठरलं. त्याच मासिकात, त्याच वाचकांसमोर. विषय: बाणाकडे बघताना काय सुटतं. उदाहरण एकच — सरांचा फोटो क्रमांक दोन.

कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. सरांना कुणकुण लागली तर आपणच दुरुस्ती छापतील आणि वर प्रामाणिकपणाची शाबासकी घेतील. छापून येईपर्यंत तोंडाला कुलूप.

२१ फेब्रुवारी

पहिला खर्डा वाचला. "अक्षम्य" जागोजागी. "ज्येष्ठ म्हणवणाऱ्यांनी" दोनदा. फाडला. खूप बरं वाटलं, म्हणून पुन्हा तसाच लिहिला आणि पुन्हा फाडला.

१ मार्च

मासिकाचे नियम म्हणजे लग्नाच्या अटी! शब्द इतकेच. बाण पांढराच. फोटोच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव, नंबर, तारीख काही दिसता कामा नये. परीक्षकांना लेखकाचं नाव कळता कामा नये — हे मात्र झकास.

नवा बाण काढला. ठिपक्याच्या अगदी टोकाशी. इतक्या प्रेमाने आजवर एकही बाण काढला नसेल.

३ मार्च

पाठवला!

३१ मार्च

परीक्षकांचं उत्तर. पहिला खूश. दुसरा लिहितो, "निरीक्षण महत्त्वाचे. मात्र लेखाचा सूर किंचित कडवट वाटतो." किंचित!

६ एप्रिल

कडवटपणा काढला. लेखातून.

२ मे

स्वीकारला! संपादकबाईंचा स्वतः फोन. "फारच धाडसी लेख आहे हो, पुढच्याच अंकात घेतेय." सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून आणून गाडी चालवली. सभेत आता विचाराच म्हणावं, लिहितेस की नाही!

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मुखपृष्ठ कसं असेल इथपर्यंत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरी जिरवलीस." मग नवऱ्याचा शर्ट झटकत म्हणाली, "आणि त्या माणसाचं काय झालं?"

"कुठल्या माणसाचं?"

"अगं, ज्याच्या छातीत ते आहे त्याचं. त्याला सांगितलं का कुणी?"

मी म्हटलं, भूक लागलीय, वाढ.

३ मे

सकाळपासून आईशी धड बोलले नाही. तिची काय चूक? पण राग तिच्यावरच.

फेब्रुवारीपासून मला माहीत आहे. फेब्रुवारीपासून! मी नियम वाचले, बाण सजवला, सूर गोड केला. आणि तो माणूस कुठेतरी कामावर जातोय, बायकोशी भांडतोय, पुढच्या वर्षीचे बेत करतोय. एवढ्या दिवसांत वाटाण्याचं काय झालं असेल ते मला कुणी शिकवायला नको.

जुन्या हॉस्पिटलात रेकॉर्डवाल्याला फोन केला. "मॅडम, नाव सांगा, लगेच काढतो." नाव! नाव तर पुसलेलं. ते फोटो कुणाचे हे फक्त सरांना ठाऊक.

सरांना सांगायचं म्हणजे आयता डाव त्यांच्या हातात द्यायचा. लेख गेला, सूड गेला, परत मीच टायपिस्ट. फोन उचलला. ठेवला. चहा केला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. लाज वाटतेय आणि तरी ठेवला.

४ मे

सरांना फोन केला. कुठला फोटो, कुठला कोपरा, माझा लेख, सगळं सांगून टाकलं. ओरडतील म्हणून थांबले. ओरडले नाहीत. म्हटलं, "सर, मला नंतर काय हवं ते बोला. आधी त्या पेशंटचा नंबर द्या."

"नंबर आहे तुझ्याकडे," सर म्हणाले. "आत्ता लावलास तोच."