एक थाप म्हणजे थांब

२ ऑगस्ट, बालाघाट

पोचलो बाप्पा एकदाचा! कटंगीहून सकाळची बस, खिडकीची जागा, अन् बालाघाट येईपर्यंत धानाच्या बांध्याच बांध्या. निघताना सरितेनं, म्हणजे माह्या बायकोनं, ही वही पिशवीत टाकून देल्ली. नवं गाव, नवी नोकरी, सगळं लिहून ठेवा म्हणे, दिवाळीले आले का मी वाचीन. तं घे सरिता, वाच. तुहा नवरा धम्मपाल आजपासून फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर आहे.

खोलीची चिंताही मिटली. संस्थेचे जुने ड्रायव्हर फकिराकाका या महिन्यात रिटायर होऊन राह्यले, त्यांच्याच घरातली पुढची खोली मले भेटली. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईकाकूनं, सामान ठेवू देल्लं नाही का ताट वाढलं. वांग्याची भाजी अन् भात. आपल्या समाजाचं पोरगं आलं म्हणून दोघं लय खूश. काका मागच्या विहारात दर रविवारी लेकराइले पंचशील शिकवते. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटोही आहे तिथं, जित्या माणसाचा. चाळीस वर्षं दारूच्या थेंबाले शिवले नाही म्हणून समाजानं सत्कार केलता. काकूनं तो फोटो मले हाताले धरून नेऊन दाखवला.

गाडी पायली. फोर बाय फोर! जुनी आहे, पण इंजिन खणखणीत.

एक गोष्ट तुले सांगून टाकतो. साहेबानं इंटरव्ह्यूत हिंदीत विचारलं, फोर बाय फोर चलाया है? मी म्हटलं, हौ, खूब. खरं म्हणजे मामाच्या टॅक्सीशिवाय अन् ट्रॅक्टरशिवाय हात लावला नाही कायले. शिकून जाईन. गाडी ते गाडी.

३ ऑगस्ट

आज काकांनी गाडी समजावली. लिव्हर कुठं, दोन चाकावर कधी, चारवर कधी. डांबरी सडकेवर चारवर घालायची नाही, वळताना गाडी अडते. पाण्यात शिरायच्या पहिले लो गिअर टाकायचा, मधात गिअर बदलायचा नाही, रेस एकसारखी ठेवायची.

मंग समोरच्या चाकाशी बसले. चाकाच्या मधोमध एक गोल खटका आहे. तो हातानं फिरवून लॉक केल्याबिगर समोरचं चाक ओढत नाही, आत लिव्हर किती का टाकेना. खटक्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे तं माहीत असंलच ना बाबू? मी म्हटलं, हौ. कोणत्या बाजूनं फिरवायचा हे विचाराले पाहिजे होतं. पण गाडीवरच्या नर्स, संध्या सिस्टर, बाजूलेच उभ्या होत्या. लाज वाटली. खटक्यावर अक्षरं होती म्हणते, ती केव्हाचीच घासून गेली.

काकांची एक पद्धत आहे. रपटा, म्हणजे नाल्यावरची ती बुटकी सडक, पाण्याखाली असली का ते पहिले काठी घेऊन स्वतः पायी चालते. पाणी गुडघ्याच्या वर गेलं तं गाडी परत. कमी असलं तं सोबतच्याले स्टिअरिंगवर बसवून स्वतः गाडीसमोर चालत नेते. बोनेटवर तळहाताची एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे ये. तीस वर्षांत दुसरा इशारा नाही. मी हसलो, म्हटलं हॉर्न आहे ना काका. ते म्हणे, पाण्याच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, पत्र्यावरचा हात हाडाले ऐकू येते.

५ ऑगस्ट

घाटात गाडी चारवरच राहून गेली. वळणावर टायर ओरडले, सिस्टरची औषधाची पेटी आदळली. काकांनी हात लांबवून लिव्हर दोनवर घेतला. चहाले उतरलो तेव्हा बाजूले घेऊन हळूच म्हणे, येत नसलं तं सांग, मी आहे ना अजून पंधरा दिवस, कोणाले कायले कळते. माह्या तोंडावर आलतं. पण म्हटलं, नाही काका, विसरलो फक्त. बह्याड आहे मी.

उद्या आमाटोल्याचा कॅम्प आहे. मधात खैरनाल्याचा रपटा लागते.

६ ऑगस्ट

फकिराकाका गेले. खैरनाल्यावर पाय घसरला, पाण्यानं नेलं. शोधून राह्यले अजून.

ते पिऊन होते. तोंडाले वास येत होता. मी गाडी नियमानं चालवत होतो.

९ ऑगस्ट

मयत आज सापडली, दीड कोस खाली. तीन दिवस पाण्यात, डॉक्टर म्हणे दारूचं आता काही सांगता येत नाही. मले ऐकून बरं वाटलं. थू माह्या जिंदगीवर, मले बरं वाटलं.

सहा तारखेले मी या वहीतही खोटं लिहिलं. खरं असं आहे.

रपट्यावर पाणी गुडघ्याच्या खाली होतं. काका चालून आले, म्हणे दोन्ही खटके लॉक कर, मंग ये. मी उतरलो. चाकाशी वाकलो. कोणत्या बाजूनं फिरवायचं ते येत नव्हतं, म्हणून नुसता बुटाचा नाडा बांधल्यासारखं केलं अन् परत बसलो. काकांनी पाण्यातून हात हलवून विचारलं, झालं? मी मान हलवली. हौ.

मधोमध मागची चाकं शेवाळावर फिराले लागली. गाडी उताराच्या कडेकडे सरकाले लागली. सिस्टर मागं पेट्या धरून बसल्या होत्या, त्याइले काही दिसत नव्हतं. काका वळून आले. मागचं चाक फिरून राह्यलं अन् समोरचं उभं आहे हे त्यांनी पायलं. मंग काचेतून माह्याकडे पायलं. रागानं नाही. येत नसलं तं सांग म्हणताना पायलं होतं, तसंच. अन् पाण्यात वाकून डाव्या चाकाचा खटका फिरवला. टक. मंग समोरून उजवीकडे आले, वाकले. टक. अन् तिथूनच, वाकल्या वाकल्या, बोनेटवर एक थाप मारली.

एक. थांब.

मी घाबरलो होतो. मी रेस दाबली.

या वेळेस चारही चाकांनी धरलं. गाडी नीट बाहेर निघाली. काका गाडीच्या अन् रपट्याच्या कडेच्या मधात होते, धक्क्यानं पाण्यात गेले.

सिस्टरनं विचारलं, तीस वर्षं चाललेला माणूस पडला कसा? माह्या तोंडातून निघून गेलं, वास येत होता. पंचनाम्यातही तेच लिहिलं. मुद्दाम ठरवून नाही म्हटलं. पण मंग परतही घेतलं नाही.

११ ऑगस्ट

आज विहारात काकांच्या नावानं पुण्यानुमोदन होतं. काकांचा फोटो भिंतीवर नव्हता. खिळा तेवढा होता.

सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. चौथं शील खोटं न बोलायचं. तिथं माही जीभ टाळूले चिकटून बसली. पाचवं दारूचं. तिथं काकूनं म्हणणं बंद केलं. अख्ख्या विहारात आम्ही दोघंच चूप.

घरी आल्यावर काकूनं मले ताट वाढलं. मंग उंबरठ्यावर बसून विचारलं, धम्मपाल, तूच शेवटी होता त्यांच्याजवळ, एवढंच सांग. खरंच वास होता का रे? चाळीस वर्षांत मले कळलं नसंल का?

मी म्हटलं, हौ काकू.

त्या उठून आत गेल्या. मी भात खाल्ला. सगळा.

१२ ऑगस्ट

सकाळी गाडी धुवाले गेलो तं दोन्ही खटके लॉक. आता मले बाजू ओळखू येते, मेकॅनिकले विचारून घेतली. काल संध्याकाळी मीच मोकळे करून ठेवले होते. गाडीची चाबी माह्याजवळ, अन् आवाराले कुलूप.

मोकळे केले. आंघोळ करून परत आलो. परत लॉक. हात लावला तं खटका ओला होता. नाल्यातली काळी रेती बोटाले लागली. ऊन पडलं होतं, आवार कोरडं ठणठणीत.

१४ ऑगस्ट

दुपारचे बारा. भर चौकात, ऑटोच्या गर्दीत, गाडी सुरू केली अन् बोनेटवर थाप बसली. एक.

सिस्टर दचकल्या. म्हणे, कोणाले लागली का बघा. समोर कोणी नाही. बोनेटवर ओल्या तळहाताचा ठसा. पाच बोटं. तापल्या पत्र्यावर तो वाळाले पाहिजे होता. वाळला नाही. मी फडक्यानं पुसला. सिस्टर माह्याकडे पाहत राह्यल्या.

नेहमी एकच थाप. दिवसातून चार-पाच वेळा. दोन कधीच नाही.

१६ ऑगस्ट

काकूचं विहारात जाणं बंद. बाया त्याइले पाहून बोलणं थांबवते. काकांचा फोटो त्यांनी ट्रंकेत उलटा ठेवला आहे. ट्रंक उघडी होती, मले दिसलं.

आज त्यांनी काकांची घरातली जुनी काठी माह्या हातात देल्ली. म्हणे, ते पिऊन गेले तं गेले, तू तं नीट चाल बाबू. पाण्यात शिरायच्या पहिले चालत जा.

सांगणार होतो. तोंड उघडलं — काकूनं पाणी आणून देल्लं, वाटलं मले ठसका लागला — मी पाणी पेलो.

मी सांगतो. उद्या सांगतो.

१७ ऑगस्ट

नाही सांगतलं.

टक. टक. खोलीत बसलो तरी ऐकू येते. सरितेचा फोन आला, दोनदा कापला. काय बोलू तिच्याशी —

१८ ऑगस्ट, खैरनाला

गाडीत बसून लिहून राह्यलो. रपट्याच्या मधोमध. दुपारचे तीन.

आमाटोल्यात लेकरू तापानं फणफणलं, झटके येऊन राह्यले, म्हणून निघालो. सगळं नियमानं केलं. पायी चाललो, काठी टाकली, पाणी पोटरीले. दोन्ही खटके माह्या हातानं लॉक केले. दोनदा पायले. सिस्टरलेही दाखवले.

मधात आलो अन् समोरची चाकं उभी. मागची नुसती फिरून राह्यली. मंग इंजिनात पाणी गेलं, बंद. सिस्टर औषधाची पिशवी डोक्यावर घेऊन, काठी टेकत पार झाल्या. ट्रॅक्टर अन् दोर आणते म्हणे, उतरू नका. तेव्हा पाणी गुडघ्याले होतं.

आता पायदानावर आलं.

पाणी वर यायच्या पहिले खिडकीतून वाकून डावं चाक पायलं होतं. खटका मोकळा.

उतरून फिरवाले पाहिजे. गाडी सुरू झाली तं निघंल. पण डाव्या चाकाशी कोणी वाकलेलं आहे. पांढरा सदरा. फक्त पाठ दिसते, पाण्याच्या वर —

तीन वीस

टक.

उठले. समोरून उजवीकडे जाऊन राह्यले. हळू. तोंड इकडे केलं नाही अजून. करू नका काका. तुमच्या पाया पडतो, इकडे पाहू नका. मले तोंड नाही.

लिहितो. लवकर लिहितो. औषधाची प्लास्टिकची पन्नी आहे, वही तिच्यात घालून आरशाले बांधीन. ज्याले भेटंल त्यानं बालाघाटले शेवंताबाईले वाचून दाखवा. पूर्ण विहारासमोर वाचा.

काकू, वास नव्हता. कधीच नव्हता. ते सकाळी तुमच्या हातचा चहा पिऊन निघाले, बस. मले गाडी येत नव्हती. मी हौ म्हटलं. त्यांनी एक थाप मारली अन् मी थांबलो नाही. मी त्याइले मारलं, अन् मंग तुमच्या ताटात जेवलो. फोटो परत लावा. खिळा आहे तिथंच —

टक. उजवा.

एक थाप.

हौ काका. थांबलो. पाय वर घेतला, पहा. थांबलो या वेळेस. खरं लिहिलं सगळं. थांबलो आहे —

पाणी सीटवर आलं. पन्नी बांधतो. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आहे का — नाही —

थाप.

दुसरी. दोन झाल्या. ये म्हणते.

पण गाडी तं बंद आहे काका. मंग ये कोणाले म्हणून राह्य