वस्तीवर वाचलेली नोटीस

माय, तू गेल्याला तीस वर्षं होत आली आणि मी आज सांगायला बसलो. पुढाऱ्यांचं भांडण करारानं मिटलं, मराठी मुलखाचं एक राज्य झालं आणि समुद्रपूरच्या कचेरीत हुकूम आला, यापुढे कागद मराठीत. इंग्रजीवाले बाबू तोंडं पाडून बसले. घरीच अक्षरं गिरवून शिकलेल्या तुझ्या पोराची मात्र चांदी झाली, कारकुनी मिळाली. तू शेजारणीला म्हणालीस, "माह्या पोराची भाषा आता सरकारची झाली." तुझी भाषा गोंडी, माझ्याशीही अधूनमधून तीच बोलायचीस, हे तेव्हा दोघांनाही आठवलं नाही.

पहिलीच नोटीस वाचायला मला तुझ्या माहेरी धाडलं, गिरडच्या डोंगरामागच्या वस्तीवर. मोहफुलं वेचायचे दिवस, तरी सगळे कामं टाकून आले. मामानं खाट टाकली. मी उभा राहून वाचतो आहे: जंगलातली जमीन वाहणाऱ्यांनी महिन्याच्या आत हक्काचा अर्ज द्यावा, नाहीतर ती जंगलात धरली जाईल. सरकारी मराठी ती, नुसते दगडधोंडे. माणसं हात जोडून ऐकतात. मामानं गोंडीत हळूच विचारलं, भाच्या, काय म्हणते सरकार? सोबतचा जंगल-गार्ड हसला. "काय बाबू, सोयरे का तुमचे?" माझी कानशिलं तापली. मी मराठीतच म्हणालो, "नोटीस आहे. ऐकली ना?" दारी आलेल्याला ते लोक नाही म्हणत नाहीत. मामा म्हणाला, "हो साहेब." मला साहेब म्हणाला, माय. मग 'वाचून दाखविले, समजले' या ओळीखाली एकेकाचा अंगठा उठला.

संध्याकाळी भाकरी थापताना तू विचारलंस, "काऊन रे, माह्या भावाले नीट समजावून सांगतलं ना?"

"हो म्हणाले सगळे."

"ते तं कोणालेही हो म्हणते."

मी म्हणालो, महिना आहे अजून, जाऊन येतो. रोज उद्या उद्या करत राहिलो. तिथं गोंडी बोलताना कोणी पाहिलं तर, हीच धास्ती.

पेरणीआधी मामाच्या वावरात जंगल खात्याचे खांब उभे राहिले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते हे. मामा कचेरीत आला तेव्हा साहेबानं कागद पुढे केला, "समजले, असं लिहिलंय ना इथं." मामानं माझ्याकडे पाहिलं. मी फाईलीत डोकं घातलं. त्यानंतर मरेपर्यंत तू माझ्याशी गोंडीत एक शब्द बोलली नाहीस, आणि काऊन ते मीही विचारलं नाही.

हे पत्र कुठं धाडू? एवढं मात्र कबूल करतो. ती 'समजले'ची ओळ मी वस्तीवर लिहिलीच नव्हती. आदल्या दिवशी कचेरीत बसून, चांगल्या वळणदार अक्षरात, आधीच लिहून ठेवली होती.