महाराणी फॉन्ट आणि शिकाऊ गाडी

आदरणीय मामा,

वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या). मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमची बीपीची गोळी वेळेवर चालू असेलच. इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

माझ्या छपाईच्या दुकानात गेल्या वर्षी मी एक फॉन्ट विकत घेतला. आम्ही त्याला महाराणी म्हणतो. काय अक्षर, मामा! बोरूने लिहिल्यासारखं जाड-बारीक, मात्रा झोकात मागे वळलेल्या, उकाराची शेपटी शेजारच्या अक्षराच्या पायाखालून फिरून येणारी. लग्नपत्रिकेवर तर दृष्ट लागावी! तिथेच थांबायला हवं होतं, पण मी पडलो हौशी. दातांच्या डॉक्टरांची पाटी केली, तर लोक आत येऊन हॉलचं भाडं विचारू लागले. इमारतीत 'मंगळवारी पाणी बंद' ही सूचना महाराणीत लावली, तर तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं मंगळवारी नटूनथटून, पुष्पगुच्छ घेऊन गच्चीवर हजर (टाकी बघून परत गेलं). त्या अक्षरातलं कोणी वाचतच नाही हो, नुसतं बघतात.

तरी मला अक्कल आली नाही. तुमच्या भाचेसुनेने ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा गाडीच्या मागच्या काचेवर मी स्वतः 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असं लिहिलं. महाराणीत, सोनेरी, काच भरून. पहिल्याच दिवशी चालकाच्या जागी कोण, तर सत्तरीचे निवृत्त हेडमास्तर, आजन्म ब्रह्मचारी, कडक इस्त्रीचा सूट घालून. आणि शेजारी ही. अंतर कोण ठेवतंय! मोटारसायकलवाले खिडकीशी येऊन नवरदेव बघायला वाकत होते, एका बसमधून टाळ्या पडल्या, सिग्नलवर एका आजींनी 'उशिरा का होईना' म्हणून आशीर्वाद दिला. हेडमास्तर लाजले आणि लाजता लाजता त्यांनी ब्रेक सोडून भलतंच दाबलं. गाडी थेट फर्निचरवाल्याच्या दारातल्या सोफ्यात! कोणाला लागलं नाही, पण ही त्याच संध्याकाळी बॅग भरून माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी वर्षभर राबून हे उभं केलं, आणि तुला त्यात स्वतःची अक्षरं मिरवायची होती." खरं आहे ते. मला फार लागलं, मामा.

मग मी माफी मागितली. जाड हस्तिदंती कागद, चार ओळी, आणि (रागावू नका) पुन्हा महाराणी, पाकिटावरसुद्धा. मेहुणा सांगत होता, सासूबाईंनी पाकीट पाहिलं आणि सगळ्यांचे ठेवणीतले कपडे इस्त्रीला टाकले. आत काय आहे ते अजून कोणी उघडून बघितलेलं नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. खरं काम आता सांगतो. माझी सासुरवाडी तुमच्या समोरच्याच दारात आहे. जरा जाऊन तिला सांगाल का, की घर खायला उठतं? माझा फोन ती उचलत नाही.

आणखी एक ता. क. जाऊ नका! या पत्राचं पाकीट चिकटवायच्या आतच ती आली. माझ्या माफीने नव्हे. तिच्या तीन विद्यार्थिनींची सोमवारी लायसन्सची परीक्षा आहे म्हणून. मी लगेच काच खरवडायला घेतली, तर म्हणाली, राहू दे, आधी तू गाडी शिक. उद्यापासून चालकाच्या जागी मी (मला सायकलही धड येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे) आणि शेजारी ती. म्हणाली, "लोक वाकून बघणारच आहेत, तर निदान नवरा तरी खरा असू दे."