टाक्याचं कुलूप

लमीन,

लेकीचे दिवस भरलेत, म्हणून मी तिच्याकडे गाबेसला चाललेय. आठवड्याने येईन.

तुझ्या वाटणीच्या छपरालाही मी चुना मारलाय. ओरडू नकोस. पाऊस काही वाटणीची रेघ बघून पडत नाही. तुझ्याकडची घाण पाण्याबरोबर माझ्याच टाक्यात उतरली असती. गवंडी सिमेंट फासायला निघाला होता, त्याला हाकललं. चुन्याच्या एकाच पोत्याची ऐपत होती, म्हणून माझ्या खोल्यांच्या भिंती तशाच राहिल्या. त्यांचं बघू पुढल्या वर्षी.

दोन दिवस वर पाय ठेवू नकोस, चुना ओला आहे. पहिली सर वाहून जाऊ दे, मगच टाक्याच्या तोंडातला बोळा काढ. तुला दरवर्षी सांगावं लागतं.

बार्लीची भाकरी फडक्यात बांधून ठेवलीय.

वाटणीच्या भांडणात टाकं माझ्याकडे आलं आणि मी रागाच्या भरात त्याला कुलूप घातलं. उन्हाळाभर तू शेजारून पाणी वाहिलंस, ते मी खिडकीतून बघत होते. कुलूप काढलंय, चुलीपाशी आहे. ऑक्टोपस धरायच्या तुझ्या मडक्यांच्या दोरीला वजन म्हणून बांध आणि समुद्रात सोड. चांगलं जड आहे ते.

तुझी थोरली बहीण,
मब्रूका