आत्याची लाल खूण

टिंबर फ्लॅट, कोलोरॅडो
४ सप्टेंबर १९९१

ती. व्हर्नाआत्यास,
वेंडेलचा सा. न.

तुझा कॅनर, तो बरण्या वाफेच्या दाबाखाली हवाबंद करायचा मोठा कुकर, नेब्रास्काहून इथवर धड पोचला. कोरीनपायी कॉलेज अर्ध्यात सोडून तिच्या गावी आलो म्हणून बाबा अजून अबोल्यात आहेत, तेव्हा बातमी तुलाच. कॅनरची नीट तपासणी केली. रबरी रिंग ताठरली होती, बदलली. वाफेची नळी उजेडाकडे धरली, आरपार दिसलं. झाकणावरचा दाबाचा काटा कृषी कार्यालयात तपासून घेतला; तंतोतंत निघाला. तिथल्या बाईंनी एक कागद दिलाय, तो खिशातच आहे.

मग फरसबीच्या चोवीस बरण्या केल्या. दहा मिनिटं वाफ जाऊ दिली, मग काटा तुझ्या नेलपॉलिशच्या लाल खुणेवर, अकरा पौंडांवर ठेवला. कोरीनचे वडील, मिस्टर होल्कम, चारचौघांत म्हणाले होते, की कॉलेज अर्ध्यात सोडणारा हा गडी बरणीचं झाकण तरी पुरतं लावेल का! कोरीन हसली, ते जास्त झोंबलं. म्हणून काल बरण्या त्यांच्याच तळघरात मांडून आलो. चौदा तारखेला चर्चमध्ये सुगीचं जेवण आहे. अख्खं गाव माझी फरसबी खाईल. सात हजार फुटांवर भूक मात्र सणकून लागते.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
वेंडेल


हार्लन क्रीक, नेब्रास्का
९ सप्टेंबर

चि. वेंडेल यास,
अ. उ. आ.

सात हजार फूट हे शेवटच्या ओळीत लिहितोस होय रे, दिवट्या? तुझ्या घरमालकिणीला दोनदा फोन केला, कोणी उचलेना. म्हणून हे तातडीच्या टपालाने. ती खूण आपल्या सपाटीची आहे. उंचावर अकरात आतली उष्णता कमी पडते, तुला चौदा हवेत. तशा बरणीत विष धरू शकतं. वास येत नाही, रंग बदलत नाही, आणि माणूस जातो. एकही उघडू नकोस, चाखू नकोस. पिशवीत घट्ट बांधून फेक.

लाज वाटेल. वाटू दे. खूण माझ्या हातची, निम्मी लाज माझी.

जपून राहा, एवढंच मागणं.
आत्या


टिंबर फ्लॅट
१५ सप्टेंबर

ती. आत्यास, सा. न.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तो कागद खिशातून काढून शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या ओळीत उंचीचा तक्ता होता.

तसाच होल्कमांकडे गेलो. बरण्या परत नेतोय म्हटल्यावर ते म्हणाले, की हेही अर्ध्यातच का? मी ओरडलो, की तुमच्या पोरीला विष घालू का मग! नंतर कारण सांगितलं. पिशवीचं तोंड कोरीनने धरलं. चोवीसच्या चोवीस फेकल्या.

काल जेवणाला मी रिकाम्या हाताने गेलो. दोघांनी चिडवलं. बटाटे बरे होते.

आज सकाळी कोरीन त्यांच्या कॅनरचं झाकण घेऊन दारात उभी. म्हणाली, की आईने हा काटा अकरा वर्षांत कधी तपासला नाही, उद्या कार्यालयात जाऊ, आणि या खेपेला कागद मी वाचेन.

तुझ्या त्या नेलपॉलिशची बाटली पाठव. दोन झाकणांवर चौदाच्या खुणा करायच्या आहेत.

बाबांनाही हे पत्र दाखवलंस तर चालेल.
तुझा,
वेंडेल